मायक्रॉनचा हिशेब

यंत्रावर धातू कापून ठरल्या मापाचा भाग घडवणाऱ्या कारागिराला मशिनिस्ट म्हणतात, आणि ड्रॉइंगवर लिहिलेले माप तंतोतंत कधीच उतरत नाही, हे मान्य करण्यापासून त्याच्या विद्येची सुरुवात होते. २५ मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टपुढे ‘जी ६’ अशी खूण असेल, तर व्यास २४.९८० ते २४.९९३ मिलिमीटरच्या दरम्यान चालेल असा तिचा अर्थ होतो. मापातील या मान्य फरकाला टॉलरन्स म्हणतात. येथे तो १३ मायक्रॉन आहे, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ज्या भोकात, म्हणजे बोअरमध्ये, हा शाफ्ट फिरायचा त्याचे माप ‘एच ७’ असल्यास दोहोंमध्ये ७ ते ४१ मायक्रॉनची फट राहते. ती याहून कमी झाली तर तेलाच्या थराला जागा उरत नाही, आणि वाढली तर शाफ्ट खेळू लागतो.

एवढ्या अरुंद हद्दीत काम करताना चूक कोणत्या वाटेने येते, याची जाण हेच खरे कौशल्य ठरते. पातळ कडी लेथच्या चकमध्ये, म्हणजे तिला घट्ट धरणाऱ्या तीन जबड्यांमध्ये, जोराने आवळली की ती नकळत दबते. त्या अवस्थेत कापलेला बोअर यंत्रावर मोजताना गोल भरतो, परंतु जबडे सोडताच धातू पूर्वस्थितीला येतो आणि बोअरला तिकोनी आकार येतो. म्हणून जाणता कारागीर शेवटच्या हलक्या कापापूर्वी पकड सैल करतो, किंवा जॉबच्या, म्हणजे घडवायच्या भागाच्या, व्यासाला बेतून घेतलेले मऊ जबडे वापरतो, ज्यांचा दाब तीन ठिकाणी न एकवटता सभोवार विभागला जातो.

उष्णतेची चूक याहून फसवी असते. मापनाचे प्रमाण तापमान जगभर २० अंश सेल्सिअस मानले जाते, आणि एक मीटर पोलाद दर अंशाला सुमारे साडेअकरा मायक्रॉनने वाढते. नुकताच कापलेला २५ मिलिमीटरचा शाफ्ट त्या तापमानापेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर त्याचा व्यास जवळपास सहा मायक्रॉनने फुगलेला असतो, म्हणजे टॉलरन्सचा जवळजवळ अर्धा हिस्सा केवळ उष्णतेने खाल्लेला असतो. गरम असताना बरोबर भरलेला जॉब निवल्यावर लहान निघतो, तो यामुळेच.

भोसरी, चाकण किंवा कोल्हापूरच्या शिरोलीतील कारखान्यांत आज सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमाने चालणारी, यंत्रे हीच कामे करतात, तरी हा हिशेब माणसाकडेच राहिला आहे. यंत्र हुकूम दिलेल्या जागी टूल नेते, परंतु टूलची धार झिजली आहे हे साध्या सीएनसी यंत्राला आपणहून उमगत नाही. एकामागून एक शाफ्ट २४.९८४, २४.९८६, २४.९८८ असे भरू लागले, की ही वाढ झिजेची आहे हे ओळखून, हद्द ओलांडली जाण्याआधीच टूलची जागा सुधारणे, म्हणजे ऑफसेट देणे, हे ऑपरेटरचे काम असते.

या सर्वांचा निवाडा मायक्रोमीटर करतो. त्याच्या स्क्रूचा एक फेरा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, फिरत्या नळीवर ५० भाग असतात, आणि बारीक व्हर्नियर असलेल्या मायक्रोमीटरवर मायक्रॉनही वाचता येतो. नळीच्या टोकाला रॅचेट, म्हणजे ठरावीक दाब येताच घसरणारी मूठ, बसवलेली असते, ती प्रत्येक मोजणीचा दाब सारखा राहावा म्हणून. रॅचेट टाळून नळी हलक्या हाताने फिरवली, तर लहान झालेला शाफ्टही हद्दीत बसल्यासारखा वाचता येतो. कापलेला धातू परत चिकटवता येत नाही, आणि २४.९७९ व २४.९८० यांतला भेद डोळ्याला कधीच दिसत नाही. तेथे कोणी पाहत नसतानाही रॅचेट फिरवून खरा आकडा वाचणारा आणि तो जॉब बाद मालाच्या लाल पेटीत ठेवणारा कारागीरच कुशल म्हणावा.