स्टेपनीची बदली

बँकेतल्या माणसाला एक वेळ यमाचं बोलावणं चालतं, पण बदलीची ऑर्डर चालत नाही. यमाकडे गेल्यावर निदान भाड्याची जागा शोधावी लागत नाही आणि मुलांच्या शाळेची ॲडमिशनही नसते. पण आज मी सांगणार आहे ती बदली माझी नव्हे. आमच्या काकांच्या जीपमधल्या स्टेपनीची. अंतर म्हणाल तर फक्त दीड फूट, आतून बाहेर. त्यासाठी माझे सहा रविवार खर्ची पडले.

जीप १९७० सालची. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या विलिज जीपचं, महिंद्रांनी इकडे घडवलेलं, उंच बॉनेटचं भावंड. १९८४ साली काकांनी ती लिलावात घेतली तेव्हा बाजूला स्टेपनी लटकवायच्या जागचा पत्रा गंजून केव्हाच पंचत्वात विलीन झाला होता. म्हणून ते चाक मागच्या दोन बाकांच्या मधोमध आडवं पडलं, आणि तिथंच कायम झालं. नोकरीत कायम झालेल्या माणसाप्रमाणे मग ते जागचं हललं नाही.

‘स्टेपनी’ हा शब्द मला लहानपणी एखाद्या मावशीचं नाव वाटे. पुढे कळलं, की वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे, तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ साली डेव्हिस बंधूंनी जादा चाकाचा धंदा काढला. त्या काळी मोटारीबरोबर जादा चाक मिळत नसे. इंग्लंडातले लोक हा शब्द विसरून गेले; आपण मात्र जपून ठेवला. टाकाऊ म्हणून काही फेकून न देणं हा आपला राष्ट्रीय गुण आहे.

या स्टेपनीशी माझं नातं घरचं. वडिलांच्या सारख्या बदल्या होत, म्हणून मला शिकायला वाईला काका-काकूंकडे ठेवलं होतं. जीपमध्ये माझी बैठक स्टेपनीवर. बँकेतली खुर्ची फार नंतरची. समोरच्या बाकावर काकू, तिचे पाय स्टेपनीच्या काठावर, आणि पसरणी घाटातल्या प्रत्येक वळणावर मी घरंगळू नये म्हणून तिचा हात माझ्या कॉलरला. चाळीस वर्षं काकू तशीच बसत आली. पुढची सीट पाहुण्यांची.

गेल्या वर्षी काकूच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. पाय फार दुमडायचे नाहीत, उंच चढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. स्टेपनीमुळे पाय पसरायला जागा नाही, आणि मागचा फाळका पाडून पायरी लावावी तर चढल्या चढल्या समोर तेच चाक. काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, “विकून टाकू जीप. गिऱ्हाईक आहे एक.” त्या महिन्यात कॅलेंडरवर बघण्यासारखं काहीही नव्हतं. मीच म्हणालो, “काका, जीप कशाला विकायची? स्टेपनीची बदली करू.”

चाक सरळ फाळक्यावर बोल्ट केलं की झालं, असं मला वाटलं होतं. मी बी.कॉम. आहे, हे इथं नमूद करतो. मिस्त्रीनं फाळक्यावर नुसती टिचकी मारली. “साहेब, हा पत्रा हाय का पापड? ह्येच्यावर पंचवीस किलो लटकावलं, तर चाक हापटंल आन् फाळका पंढरपूरला जाईल. आन् वहिनीबाई चढणार कुठनं?” तेव्हा ठरलं, की चासीच्या मागच्या आडव्या चॅनलवर एक खांब उभा करायचा, त्याला आडवा हात, हातावर चाक. हात दारासारखा उघडला की फाळका मोकळा. बिजागरीला ट्रॉलीचा जुना हब, बेअरिंगसकट. आणि कडीसुद्धा चासीवरच. कारण खड्ड्यातून जाताना चासी एकीकडे पिळते, बॉडी दुसरीकडे. खांब एकीवर आणि कडी दुसरीवर लावली तर वर्षभरात दोघांचा काडीमोड.

बिजागरी कुठल्या बाजूला, यावर आळीत परिसंवाद झाला. मिस्त्रीकडे मोबाइलवर परदेशी चित्रफीत होती. त्यात ती डावीकडे होती, म्हणून सगळ्यांचं मत डावीकडे. ओट्यावर पाय लांब करून शेंगा सोलत बसलेली काकू म्हणाली, “डावीकडे लावलीत तर चाक उघडणार कडेच्या बाजूला, आणि मी चढायला उभी राहू ती एस.टी.च्या तोंडात का?” सगळे गप्प. तिकडे वाहनं उजवीकडून जातात, आपल्याकडे डावीकडून, हे त्या परिसंवादात फक्त शेंगा सोलणारीच्या लक्षात आलं होतं. बिजागरी उजवीकडे गेली.

वेल्डिंगच्या दिवशी मी बॅटरीची वायर काढली आणि वीस फुटांवर जाऊन उभा राहिलो. या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. मिस्त्रीनं आधी सीट काढून टाकीच उतरवून ठेवली, तरी मी वीस फुटांवरून हललो नाही.

चौथ्या रविवारी हात बसला. मिटला की बँकेच्या लॉकरसारखा ‘खट्’ आवाज. आम्ही पेढे वाटले. मग चाक चढवलं, आणि हात अर्ध्या इंचानं खाली बसला. कडी लागेना. कर्ज देईपर्यंत सगळे हिशेब जुळतात. ओझं पडल्यावर खरं कळतं, हे मला तरी कळायला हवं होतं. मिस्त्रीनं कडीखाली एक उतरता टेकू वेल्ड केला. आता हात मिटताना त्यावर चढतो, अर्धा इंच उचलला जातो आणि भार टेकूवर घेऊन बसतो.

पाचव्या रविवारी चढावर चाचणी घेतली. हात उघडून मी वाकलो आणि पंचवीस किलोंची स्टेपनी परत येऊन माझ्या पाठीमागच्या खात्यात जमा झाली. मग उघड्या स्थितीत अडकवायला एक पिन बसवली. सहाव्या रविवारी चाकामागे झाकलेली नंबर प्लेट आणि लाल दिवा सरकवून दिसेलसे लावले.

२०२१ च्या नियमानं पन्नाशी उलटलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते, असं मी काकांना सुचवलं होतं. पण मग ती मूळ रूपात हवी, आणि रोजच्या वापरात रस्त्यावर आणायची नाही, प्रदर्शनाला न्यायची. काका म्हणाले, “मी अठ्ठ्याहत्तरचा आहे. मलाही बसव प्रदर्शनात.” विषय संपला.

त्याच संध्याकाळी मेणवलीच्या घाटावर जायचं ठरलं. पिन लावली, फाळका पाडला, पायरी ठेवली. काकू चढली, बाकावर बसली आणि दोन्ही पाय सरळ लांब केले. मी चालवायला, काका शेजारी, नसलेला ब्रेक दाबायला. गल्लीच्या तोंडाशी आलो तोच मागून हाक आली, “अरे, थांब.”

माझ्या पोटात गोळा आला. “काय झालं काकू? दुखतंय?”

“दुखत नाही रे. पण पाय ठेवू कशावर? चाळीस वर्षांची सवय. नुसते लोंबकळल्यासारखे वाटतात.”

काका काही बोलले नाहीत. खाली उतरले, घरात गेले आणि देवघरातला पाट घेऊन आले. फाळका पुन्हा पाडून तो त्यांनी काकूच्या पायांखाली, जिथं माझी जागा होती तिथं, नीट सरकवला. गाडी पुढे निघाली तेव्हा गिऱ्हाइकाचा फोन आला होता.

“सांगा त्याला,” काकू मागून म्हणाली, “गाडीत जागा नाही.”