पिकअपची दुसरी टाकी



आज पिकाची नाही, माल नेणाऱ्या गाडीची नोंद. आमची जुनी पिकअप सीएनजी आणि पेट्रोल दोन्हींवर चालते. सीएनजी स्वस्त पडतो, म्हणून पेट्रोलची टाकी फक्त अडीअडचणीला. काटा तळाला टेकला की दोनशेचं टाकायचं, बास. पाच वर्षं असंच चाललं.

मे महिन्यात आंब्याच्या ४२ पेट्या घेऊन रात्री अडीचला रामवाडीहून वाशी मार्केटला निघालो. खारपाड्याचा पूल ओलांडला आणि गॅस संपला. बटण पेट्रोलवर केलं, तर दोन आचके देऊन गाडी बंद. दुसरा टेम्पो बोलावून माल पोचेपर्यंत साडेआठ वाजले. चांगला भाव निघून गेला होता, वर टेम्पोचं भाडं.

मेस्त्रीने टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवलं. थोड्या वेळाने दोन थर दिसले आणि तळाशी गंजाचा लाल गाळ. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात, आणि पंप तिथूनच खेचतो. टाकी जितकी रिकामी, तितकी आत दमट हवा. आपल्या खारेपाटात तर विचारूच नका. बाहेरून टाकी पट्ट्याखाली सडली होती. तिथे अडकलेला चिखल पावसाळाभर सुकत नाही.

टाकी उतरवून दोन दिवस उन्हात ठेवली आणि वेल्डिंगवाल्याकडे नेली. म्हटलं, "दादा, रिकामी आहे, दोन टाके मारून द्या." त्याने मशीनच बंद केलं. म्हणाला, "रिकामी आहे म्हणूनच नको. पेट्रोल गेलं, वाफ आत आहे. ठिणगी पडली तर बॉम्ब." माझा धाकटा टाकी धरून शेजारीच उभा होता. घरी मशीन असतं तर मीच वेल्डिंग करायला बसलो असतो.

पत्रा ठिकठिकाणी पातळ झाला होता, म्हणून डागडुजी सोडून टाकीच नवीन बसवली. सोबत रबरी पाइप आणि फिल्टरही बदलले, कारण जुन्या गाड्यांचे पाइप इथेनॉलने लवकर खराब होतात.

आता आमचा नेम असा:

१. पेट्रोल अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ द्यायचं नाही. आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवायची.

२. पावसाळ्याआधी आणि नंतर पट्ट्याखालचा चिखल धुऊन काढायचा.

३. टाकीला हात लावण्याआधी बॅटरीची तार काढायची, सीएनजी सिलिंडरचा वॉल्व्ह बंद करायचा.

४. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी. त्यावर गंज किंवा पोचा दिसला तर मान्यताप्राप्त सेंटरलाच दाखवायचा. सिलिंडरला वेल्डिंग कधीच नाही.

आंब्याचे गेलेले पैसे पुढच्या हंगामात निघतील. त्या वेल्डिंगवाल्याने एक रुपया न घेता जे सांगितलं, ते मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तुमच्या घरात पोरं गाडीखाली शिरत असतील, तर त्यांनाही सांगून ठेवा.