आषाढातील वाट आणि दोघांची चाल

पन्हाळगडाहून विशाळगडाकडे जाणारी वाट कोल्हापूरकरांना दोन कारणांनी ठाऊक असते. पहिले कारण इतिहासाचे. सिद्दी जौहरने १६६०च्या मार्चपासून आवळलेला पन्हाळ्याचा वेढा चुकवून शिवाजी महाराज १२ जुलैच्या रात्री भर पावसात राजदिंडीच्या वाटेने गडाखाली उतरले. शिवा काशीद यांनी महाराजांचे सोंग घेऊन शत्रूला गुंतवून ठेवले आणि प्राण दिले. दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या मावळ्यांनी पाठलाग थोपवून धरला व त्या खिंडीची पावनखिंड झाली. दुसरे कारण पावसाळ्याचे. दर जुलैमध्ये कोल्हापुरातील कितीतरी गिर्यारोहण मंडळे, शाळा, महाविद्यालये आणि मित्रमंडळे या वाटेने पावनखिंडीपर्यंत पायी जातात. अंतर ५० किलोमीटरच्या आसपास; चालायला साधारण दोन दिवस लागतात. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले, त्यात पन्हाळाही आहे. या वाटेला मात्र अशा मानपत्राची गरज कधी भासली नाही.

आम्ही पतिपत्नी ही वाट चाललो, तीही एका पावसाळ्यात नव्हे, दोन पावसाळ्यांत मिळून. असे का झाले ते पुढे येईलच. मला सांगायचे आहे ते जोडीने लांबचे चालण्याविषयी. एकटा माणूस आपल्या चालीचा धनी असतो. समूहात म्होरक्या वेग ठरवतो आणि मागे राहणाऱ्याला सोबत मिळते. दोघेच असले की वेग, विश्रांती, पाणी, परतीचा विचार, सगळे दोघांतच ठरवावे लागते. निवाडा करायला तिसरे कोणी नसते. म्हणून जोडीने चालणे ही शरीराची कसोटी असते, त्याहून अधिक ती समजुतीची असते.

आपल्या मुलखाला ही गोष्ट नवी नाही. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर पिढ्यान्‌पिढ्या नवराबायको बरोबरीने चालत आले आहेत. आषाढी एकादशीच्या शासकीय महापूजेत मुख्यमंत्र्यांसोबत बसण्याचा मान दर्शनरांगेतील वारकरी दांपत्याला मिळतो. त्या जोडीची छायाचित्रे पाहावीत. उन्हाने रापलेले चेहरे आणि भेगाळलेली पावले कोणत्याही व्यायामशाळेच्या जाहिरातीहून अधिक बोलकी असतात.

खेट्यांपासून सुरुवात

आमची तयारी माघ महिन्यात सुरू झाली. माघातील रविवारी कोल्हापूरहून जोतिबाच्या डोंगरावर अनवाणी वा पायी जाऊन दर्शन घेण्याची प्रथा आहे. त्यांना खेटे म्हणतात. हिमालयाकडे परत निघालेल्या जोतिबाला थांबवण्यासाठी अंबाबाई स्वतः चालत डोंगरावर गेली, अशी कथा या प्रथेमागे सांगतात. श्रद्धेचा भाग ज्याने त्याने ठरवावा. वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर आठवड्यातून एकदा लांबची चाल, शेवटी चढण आणि मध्ये सहा दिवस विश्रांती, असा हा उत्तम सराव आहे. आम्ही पायांत बूट घालून पाचही खेटे केले. उरलेल्या दिवशी रंकाळ्याभोवती फेरी आणि पाठीवर चार किलो वजन घेऊन इमारतीचे जिने.

पन्नाशीच्या जोडप्यांनी अशा चालीपूर्वी तपासणी करून घ्यावी. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घराण्यात हृदयविकार असेल तर ती टाळूच नये. माझ्या पत्नीला मधुमेह आहे आणि ती मेटफॉर्मिन घेते. या गोळीने एकटीने साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी; त्यांनी चालण्याच्या दिवसांचे डोस आपल्या डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावेत आणि साखर किंवा ग्लुकोज दोघांच्याही खिशात ठेवावे. एकाच पिशवीत ठेवले तर नेमकी ती पिशवी दुसऱ्याच्या पाठीवर, दोनशे पावले पुढे असते.

मसाई पठार

म्हाळुंगे ओलांडून चढ संपला की मसाईचे पठार लागते. जांभ्या खडकाचा अफाट सपाट माळ, त्यावर पसरलेले धुके, मध्येच मसाईदेवीचे मंदिर आणि पावलाखाली पाण्याचे पातळ थर. झाड नाही, आडोसा नाही. वारा पश्चिमेकडून थेट अंगावर येतो. सह्याद्रीत थंडीने कोणी गारठत नाही, हा समज येथे सोडून द्यावा. कपडे ओले असले आणि वारा लागत राहिला, तर वीस अंशांच्या हवेतही शरीराचे तापमान उतरू लागते. आधी थरथर सुटते, मग बोटे वळेनाशी होतात, बोलणे अडखळते, पाऊल चुकते. ज्याला हे होते त्याला ते उमगत नाही, सोबत्याला उमगते. पंचवीस वर्षे जो आवाज ऐकला आहे, तो किंचित बदलला तरी कानाला कळते. कोरडा सदरा, कानटोपी, गोड गरम चहा आणि वाऱ्यापासून आडोसा, एवढे लगेच केले तर बहुधा पुरते.

चालीचा नियम आम्ही येथेच पक्का केला: ज्याची चाल कमी, त्याने पुढे राहावे. मी पुढे असलो की नकळत अंतर वाढते. मग मी थांबतो, ती पोहोचते, आणि ती पोहोचताच मी निघतो. म्हणजे विश्रांती मला मिळते, दमलेल्याला मिळत नाही. ती पुढे चालू लागली आणि हा हिशेब सरळ झाला. वेग योग्य आहे की नाही, याची परीक्षा सोपी आहे. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता यावे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे.

आणि वाक्ये येत होती. ती शाळेत शिक्षिका आहे. निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. नंतर पुण्याला लेकीजवळ राहायला जायचे की कोल्हापुरातच राहायचे, हा प्रश्न घरात अनेकदा निघाला होता आणि दर वेळी दवाखान्याच्या फोनने किंवा कुकरच्या शिट्टीने तुटला होता. पठारावर तो सलग तासभर चालला. डोक्यावर टोपी, समोर धुके, एकामागे एक चाललेली आम्ही दोघे. एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते. अवघड गोष्टी बोलायला ते बरे असते.

करपेवाडीची सकाळ

पठार उतरल्यावर कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी अशा वाड्या लागतात. जुलैमध्ये येथे भाताची लावण चाललेली असते. डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेल्या बाया दिवसभर कमरेत वाकून रोपे लावतात आणि आपल्यासारख्या हौशी चालणाऱ्यांना वाटही दाखवतात. करपेवाडीला मुक्काम झाला. चुलीजवळ मोजे वाळत टाकले. भाकरी, आमटी आणि भात.

दिवसभर ओल्या राहिलेल्या पायांची त्वचा पांढरी पडते, सुरकुतते आणि मग सहज सोलपटते. रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह पूर्ण कोरडे करून कोरडे मोजे घालणे हा या वाटेवरील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपचार आहे. मधुमेह्यांनी तर दिव्याच्या उजेडात एकमेकांचे तळवे पाहावेत. संवेदना कमी झाली असेल तर फोड आल्याचे स्वतःला कळत नाही. त्या रात्री मी तिचे तळवे पाहिले, ते उत्तम होते. गुडघा मात्र सकाळी उठली तेव्हा सुजला होता.

उतारावर गुडघ्यांना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार झेलावा लागतो. चढताना दम लागतो म्हणून आपण सावध असतो. उतरताना दम लागत नाही म्हणून गाफील. मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच वजन तोलतात, आणि ते थकले की सांध्यावर धक्के बसू लागतात. तिचा गुडघा वाकत होता, पण पूर्ण नाही. पुढे जंगल होते, ओढे होते, आणि गाडी पोहोचणार नाही असे टप्पे होते.

"अहो, तुम्ही मंडळींबरोबर पुढे व्हा. मी गाडीने पांढरेपाण्याला येते," ती म्हणाली.

निघण्यापूर्वी आम्ही एक ठराव केला होता. परत फिरण्याचा अधिकार दोघांनाही सारखा. एकाने म्हटले की दुसऱ्याने वाद घालायचा नाही, आणि फिरायचे ते दोघांनी. आता तीच तो ठराव माझ्यासाठी मोडू पाहत होती. क्षणभर मोह झाला, हे खरे. खिंड एका दिवसाच्या अंतरावर होती.

"अगं, खिंड पुढच्या वर्षीही तेथेच असेल," मी म्हणालो. "ठरलंय तसंच करू."

गावातून बाहेर पडून वडापची जीप मिळेपर्यंत दुपार झाली. जीपमध्ये बारा माणसे, दोन दुधाच्या किटल्या आणि एक करडू होते. ती खिडकीशी बसून बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही गेला असता, तर मी पुढच्या वर्षी आले नसते." मी या वाक्याचा पुष्कळ विचार केला आहे. दवाखान्यात मी रोज जोडपी पाहतो. एकाचे दुखणे दुसऱ्याच्या बेताच्या आड आले की आजारी माणूसच आधी म्हणतो, "तुम्ही जा." ते म्हणणे खरे मानायचे की नाही, हे जीवनसाथीला समजावे लागते.

राहिलेली वाट

वर्षभर तिने मांडीच्या स्नायूंचे व्यायाम केले: खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरणे, भिंतीला पाठ टेकून अर्धे बसणे, एका पायरीवर सावकाश उतरणे. हातांत दोन काठ्या घेऊन उतरण्याचा सराव केला. त्यामुळे गुडघ्यांवरील भार हलका होतो आणि ओल्या दगडावर तोलही राहतो. दुसऱ्या जुलैमध्ये आम्ही करपेवाडीपासूनच निघालो.

हा टप्पा जंगलाचा आहे. पश्चिमेकडे जावे तसा पाऊस वाढतो. गगनबावड्याकडे तर कोल्हापूर शहराच्या चार-पाच पट कोसळतो. जळवा बुटांत शिरतात. जळू चावते तेव्हा रक्त गोठू न देणारे द्रव्य सोडते, म्हणून ती सुटल्यावरही रक्त बराच वेळ झिरपते. घाबरू नये, पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्याने दाबून धरावे. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना अधिक वेळ लागेल. ओढ्याला पाणी चढले असेल आणि तळ दिसत नसेल, तर थांबावे. आम्ही एके ठिकाणी दीड तास थांबलो; एका गावकऱ्याने घोंगडी सावरत सांगितले, "पाऊस उघडला की उतरंल." उघडला आणि पाणी उतरले.

पांढरेपाणी मागे टाकून दुपारी पावनखिंडीशी पोहोचलो. लोखंडी शिडीने खाली उतरल्यावर दोन्ही बाजूंना काळे कातळ आणि मधून घोंगावत जाणारे पाणी. कासारी नदी याच परिसरात उगम पावते आणि पुढे पंचगंगेला मिळते. म्हणजे कोल्हापूरच्या घाटावर आम्ही रोज जे पाणी पाहतो, त्याचा एक धागा येथून सुटतो. त्या अरुंद जागेत उभे राहिले की थकलेल्या माणसांनी येथे कित्येक तास शत्रू अडवला म्हणजे काय केले, हे पुस्तकाहून वेगळ्या रीतीने समजते. आदल्या रात्रीपासून ते हेच अंतर चालून आलेले होते आणि लढाई त्यानंतर सुरू झाली. पत्नी काही बोलली नाही. तिने हात जोडले. बाजीप्रभू आणि फुलाजी यांच्या समाधी विशाळगडावर आहेत. तेथे आम्ही दुसऱ्या दिवशी गाडीने गेलो.

वाचकांपैकी ज्या जोडप्यांना अशा चालीची इच्छा असेल, त्यांनी जुलैची वाट पाहू नये. आजपासून रोज अर्धा तास बरोबर चालावे, महिन्याने तास, तीन महिन्यांनी एखादा डोंगर. सोबत पाणी आणि ओ.आर.एस. ठेवावे, पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. छातीत दडपण, जबडा वा हातात कळ, चालीच्या मानाने फार धाप, यांपैकी काही झाल्यास त्याला पित्त म्हणून पुढे जाऊ नये. तेथेच थांबून मदत मागवावी. आणि भातखाचरांच्या पाण्यातून चालून आल्यावर तीन-चार आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली, तर डॉक्टरांना त्या चालीविषयी अवश्य सांगावे. लेप्टोस्पायरोसिसचे निदान पुष्कळदा त्या एका वाक्यावर लवकर होते.

पुण्याला जायचे की नाही, हे आमचे अजून ठरलेले नाही. तोवर माघाचे खेटे चालू आहेत. पुढे ती असते.