दार उघडं, गाडी जागी

गाडी आतून साफ करताना बॅटरी उतरली, असं कुणी सांगितलं की बरीच वर्षं माझं एकच उत्तर असायचं: बॅटरीच जुनी झाली असेल. या उत्तरामागे हिशेब होता आणि तो वडिलांनी त्यांच्या मारुती ८०० शेजारी उभं राहून मला शिकवला होता. छतातला दिवा फार तर १० वॅटचा. १२ व्होल्टवर तो एक अँपिअरसुद्धा खात नाही. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. म्हणजे चारही दारं सताड उघडी टाकून दुपारभर गाडी पुसत बसलं, तरी धडधाकट बॅटरीला काही होऊ नये. दाराच्या खांबावर रबरी टोपीतलं एक बटण असायचं. दार उघडलं की ते बाहेर यायचं आणि दिवा लागायचा, दार लावलं की विझायचा. त्या बटणाचं काम एवढंच. कुणाला फारच काळजी वाटली, तर बॉनेट उघडून १० नंबरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवायचं.

त्या गाडीपुरता हा हिशेब आजही चोख आहे. फक्त तशा गाड्या आता आपल्याकडे फारशा उरलेल्या नाहीत.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत गाड्या पुसायला मुलं येतात. रोज बाहेरून फडकं, आठवड्यातून एकदा आतून सफाई. नवरात्र संपत आलं की खंडेनवमीला आणि दसऱ्याला गाडीची पूजा असते, म्हणून आदल्या दिवशी त्यांच्यावर कामाचा नुसता मारा होतो. मॅट बाहेर, सीटखालचा कचरा बाहेर, चारही दारं आणि डिकी तासन्‌तास उघडी. आणि दसऱ्याच्या सकाळी एखादी गाडी हमखास सुरू होत नाही. झेंडूची माळ बांधलेली असते, लिंबं चाकाखाली ठेवलेली असतात आणि सेल्फ मारला की नुसतं कट्‌-कट्‌. मग ठरलेलं बोलणं सुरू होतं: पोराने गाणी लावली असतील, लाइट चालू ठेवला असेल, कापा त्याचे पैसे. मी त्या मुलांची बाजू घ्यायचे, पण बॅटरी जुनी असेल हेच सांगून. पोराचा दोष नाही हे माझं म्हणणं आजही कायम आहे. कारण मात्र मी दुसरं देते.

हे बदललं ते आमच्याच गाडीमुळे. बॅटरी नवीकोरी होती आणि एका लांबलेल्या सफाईनंतर गाडीने सेल्फ घेतला नाही. बॅटरी नवी असल्यामुळे माझं नेहमीचं उत्तर तिथे चालेना. इलेक्ट्रिशियन आला, त्याने दुसऱ्या बॅटरीवरून गाडी सुरू करून दिली आणि निघायच्या बेतात होता. मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, दादा, करंट नेमका जातो कुठे ते मला दाखवा.

त्याने इंजिन बंद केलं आणि बॅटरीच्या जाड काळ्या केबलभोवती चिमट्याचा मीटर अडकवला. ड्रायव्हरचं दार उघडं, चावी माझ्या हातात. मीटरवर ३.८ अँपिअर. मी लगेच छतातला दिवा बंद केला. आकडा ३.४ वर आला आणि तिथेच राहिला. मी मीटरकडे बघतच राहिले. ज्या दिव्याच्या भरवशावर मी आजवर बोलत आले, त्याचा वाटा एवढासाच होता.

मग त्याने मला चावी लांब ठेवून यायला सांगितली. मी ती जिन्याजवळच्या बाकावर ठेवून आले. तेवढ्यात त्याने उघड्या दाराच्या कडेला असलेल्या लॉकच्या खाचेत पेचकस घातला आणि आतली लोखंडी जीभ दाबून फिरवली. एकदा टक्‌, पुन्हा टक्‌. दार उघडंच होतं, पण गाडीच्या लेखी ते आता लागलं होतं. मीटरचा आकडा दोनच्या खाली आला, थोड्या वेळाने अर्ध्यावर आणि आम्ही बोलत असतानाच ०.०३ वर येऊन थांबला. "आता झोपली," तो म्हणाला.

नव्या गाडीत उघड्या दाराचा निरोप एकट्या दिव्याला जात नाही. तो बॉडी कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे दिवे, काचा आणि लॉक सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाला जातो. तो जागा होतो आणि इतरांना उठवतो: मीटरचा काटा, पडदा, चावीचा शोध घेणारे अँटेना. मालक आत बसणार, गाडी सुरू करणार, या तयारीत सगळे थांबून राहतात. दारं लागली, चावी दूर गेली की काही मिनिटांनी, काही गाड्यांत अर्ध्या तासाने, एकेक जण झोपतो आणि मग बॅटरीवर काही मिलिअँपिअरचाच भार उरतो. "गाडी स्वतःच दिवे बंद करते की," असं बरेच जण म्हणतात. करते. पण सफाई करणारा माणूस एक दार लावतो, दुसरं उघडतो, डिकी उघडतो आणि दर वेळी तिची ती मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

आता हिशेब मांडा. साडेतीन अँपिअरने तीन तास म्हणजे साडेदहा अँपिअर-अवर. त्यात सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा व्हॅक्युम क्लीनर; तो १२० वॅटचा असेल तर १० अँपिअर ओढतो, अर्ध्या तासात आणखी पाच गेले. वर गाणी. ३५ अँपिअर-अवरच्या नव्या बॅटरीचाही जवळपास अर्धा साठा असा एका दुपारी जातो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षं तापलेल्या बॅटरीत मुळात ३५ उरलेले नसतात, आणि सेल्फ मारताना स्टार्टरला क्षणभर का होईना, शंभराच्या वर अँपिअर लागतात.

मला जास्त लागलं ते पुढचं. गाडीची बॅटरी इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखी खोलवर रिकामी व्हायला बनवलेली नसते. तिच्या प्लेटा पातळ असतात: क्षणभर जोरात करंट द्यायचा आणि इंजिन सुरू झालं की अल्टरनेटरकडून परत घ्यायचा, हे तिचं काम. १२.६ व्होल्टवरून ती १२ च्या आसपास आली आणि तशीच पडून राहिली, तर प्लेटांवर शिशाचं सल्फेट घट्ट बसतं आणि ते पूर्णपणे परत निघत नाही. म्हणजे गाडी दुसऱ्या दिवशी सुरू झाली म्हणून काही बिघडलं नाही, असं होत नाही. प्रत्येक सफाई तिच्या आयुष्यातून थोडं काढून घेते. पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून तो साठा भरत नाही, रस्त्यावर चांगला बराच वेळ गाडी चालवावी लागते. आणि सफाईभर इंजिन चालू ठेवायचं हा उपाय तर तळघरातल्या पार्किंगमध्ये कुणी मनातही आणू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

टर्मिनल काढण्याबद्दलही माझं मत पूर्वीचं राहिलेलं नाही. आता ते केल्यावर घड्याळ जातं, काचा एका दाबात वर जाण्याचं विसरतात, आणि डिकीचं लॉक विजेवर असेल तर डिकी उघडत नाही. दर आठवड्याच्या सफाईला हा उपद्व्याप नको. सीट काढून खालचा गालिचा धुवायचा असेल तर मात्र टर्मिनल काढायलाच हवं. पुढच्या सीटखाली पिवळ्या वेष्टनातली वायर असेल, तर ती एअरबॅगची. टर्मिनल काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय तिला हात लावू नये. खरं तर ते काम मेस्त्रीचंच.

एरवीसाठी माझी पद्धत साधी आहे. इंजिन चालू असतानाच काचा खाली घेते आणि दिव्याचं बटण बंदवर करते. गाडी उघडून दिली की चावी माझ्याकडे, घरात. व्हॅक्युम घरच्या प्लगवर, गाणी मोबाइलवर. मग पेचकसाने दारांच्या जिभा दाबून घेते. यात एक गोष्ट काहीही झालं तरी लक्षात ठेवायची: सफाई झाल्यावर दाराचा दांडा ओढून ती जीभ आधी मोकळी करायची, ती परत उघडली हे डोळ्यांनी बघायचं आणि मगच दार लावायचं. तशीच बंद जीभ खांबावरच्या हुकावर आपटली तर लॉक वाकतं. विजेवर चालणारी गाडी आहे म्हणून यातलं काही टळत नाही. तिच्यातही १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते आणि ती बसली की खालची मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही.

आता पुन्हा त्या मुलांकडे येते, कारण मला मुख्यतः त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. आपण रिमोटची चावी त्यांच्या हातात देतो, ती ते खिशात ठेवतात आणि खिशातली चावी गाडीच्या आसपास असेपर्यंत गाडी पुन्हा पुन्हा जागी होत राहते. हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. गाडीबरोबरचं पुस्तक आपल्या कप्प्यात असतं, त्यांच्या नाही. दारं उघडी ठेवल्याशिवाय आतून सफाई होत नाही आणि ती उघडी ठेवण्याबद्दलच आपण त्यांचे पैसे कापतो. हा उघड अन्याय आहे. गाडीला झोपवून मगच ती त्यांच्या ताब्यात देणं, ही जबाबदारी मालकाची आहे. या दसऱ्याच्या आदल्या दिवशी दहा मिनिटं खाली उतरा, ती जीभ कशी दाबायची आणि कशी सोडायची ते त्या मुलाला दाखवा. आणि एवढं करूनही सकाळी गाडी सुरू झाली नाही, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्या मुलाचे पैसे कापू नका.