तीन ग्रॅम चोथा

मी कोंबडीच्या कारखान्यात नोकरीला आहे, असे सांगितले की ऐकणारा आधी माझ्या हातांकडे बघतो. सुरी वगैरे दिसते का म्हणून! वास्तविक पुण्याजवळच्या त्या कारखान्यात पांढरा कोट घालून मी नगेटचे नवे नवे प्रकार करते. सुरीपेक्षा तराजूशीच माझा संबंध अधिक.

आमचे नाना कोल्हापूरला एकटे असतात. आई होती तोवर त्यांच्या ताटात शेपू, पोकळा, अंबाडी यांपैकी काहीतरी असायचेच, आणि नाक मुरडत का होईना, नाना ते संपवायचे. आई गेली तशी भाजीही गेली. स्वयंपाकाच्या बाईंची भाजी त्यांना गवत वाटे. एकदा मी कौतुकाने आमच्या कारखान्याची दोन पाकिटे नेली. पाच मिनिटांत तळून तयार! नाना खूष. मग दर खेपेला मी दहा-दहा पाकिटे नेऊ लागले. लेक बापाची किती काळजी घेते, असे शेजारच्या काकू म्हणत, आणि मला ते गोड वाटे.

वर्षभराने मूळव्याधीसाठी त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले. रक्त बरेच गेले होते. डॉक्टरांनी विचारले, "यांच्या जेवणात चोथा किती असतो?" मी मान खाली घातली. मांस कोणतेही असो, त्यात चोथा नावालाही नसतो, तो वनस्पतींतच. कॉलेजात हे मी पाठ केले होते.

परत येताच मी साहेबांच्या मागे लागले. नगेटमध्ये चोथा घालायचा! आपल्याकडच्या नियमाप्रमाणे पाकिटावर तो मिरवायचा तर शंभर ग्रॅममध्ये निदान तीन ग्रॅम हवा. ऐकायला किती थोडे! गव्हाच्या कोंड्यात शंभराला चाळीसच्या वर चोथा असतो. म्हणजे सात ग्रॅम कोंडा घातला की काम झाले. पण खिम्याचा गोळा धरून ठेवते ते मिठाने सुटलेले मांसातले प्रथिन. कोंडा त्याच्या विणीत शिरला आणि वीण उसवली. पहिला घाणा कढईतच फुटला.

हा गोळा फुटू नये म्हणून १९६३ च्या सुमारास अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट बेकर यांनी डोके झिजवले होते. मीठ, व्हिनेगर, दुधाची भुकटी, धान्य यांनी त्यांचे काम भागले, आणि पेटंट न घेता त्यांनी कृती छापून टाकली. भला माणूस! पण त्यांच्या पुढ्यात कोंडा नव्हता.

मी कोंडा बारीक दळला आणि थंड खोलीत रात्रभर भिजवला. आधीच पाणी पिऊन तृप्त झालेला कोंडा मांसातले पाणी ओढीत नाही. गोळा टिकला, चव मात्र भुशाची. नाचणी घालून पाहिली, तर रंग असा आला की चाखणाऱ्या मंडळींनी तोंडेच फिरवली. मग वाचनात आले, की इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी चिकन नगेटमध्ये दुधी घातला होता. दुधीत चोथा बेताचाच, बहुतेक सारे पाणी. पण त्यानेच माझा कोंडा मऊ पडला.

दुधी म्हणजे नानांचा जन्माचा वैरी. मी काही न बोलता पाच नगेट तळून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी एक तोडला.

"दुधी आहे."

"कसं ओळखलंत?"

"तुझी आई थालीपिठात घालायची. तिला वाटायचं, मला कळत नाही."

"मग बोलला का नाहीत कधी?"

नानांनी उत्तर दिले नाही. पाचही संपवले.

मग मलाही लपवाछपवी करवेना. मी सांगून टाकले, की या पाच नगेटांतून पोटात गेला तो जेमतेम तीन ग्रॅम चोथा. डॉक्टरांनी दिवसाला पंचवीस सांगितलाय. शिवाय मीठ आणि तेल आहेच.

"मग उरलेल्या बावीस ग्रॅमचं काय?" नाना म्हणाले. जन्मभर बँकेत हिशेब केलेला माणूस!

संध्याकाळी मी मंडईतून शेपूच्या दोन जुड्या आणल्या. नाना ओट्याशी खुर्ची ओढून बसले, आणि आई फोडणीत लसूण आधी घालायची की भिजवलेली मुगाची डाळ, यावरून आमचे चांगलेच जुंपले.