कोनतं सरकार?

‘कोरोनाच्या काळात सरकारने केलेल्या कामाबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?’ जनमत पाहणीच्या फॉर्मवर हा प्रश्न छापलेला असतो आणि खाली चार चौकटी. 2020 च्या दिवाळीनंतर नशिराबादला, माझ्या माहेरच्या गल्लीत, एका आजीला मी तो विचारला. ओट्यावर बसून त्या सुपात रेशनचा तांदूळ पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, ‘कोनतं सरकार इचारते, बाई?’ मग मूठभर तांदूळ उचलून दाखवला. ‘हे धाडलं ते सरकार चांगलं. दवाखान्यातल्या सरकारचं मले इचारू नको.’

मी ‘बऱ्यापैकी समाधानी’वर खूण केली. ती खूण मला अजून टोचते.

त्या वर्षी मे ते जुलैदरम्यान ‘गाव कनेक्शन’ आणि लोकनीती-सीएसडीएस यांनी ग्रामीण भारतात पंचवीस हजारांहून अधिक लोकांना भेटून एक पाहणी केली. 74 टक्के लोकांनी केंद्र सरकारच्या कामावर समाधान व्यक्त केलं. त्याच पाहणीत सुमारे 78 टक्के लोक सांगत होते, की आमचं काम पूर्णपणे किंवा बऱ्याच अंशी बंद पडलं. दोन्ही आकडे खरे आहेत, माणसं खोटं बोलत नव्हती. संकट अंगावर आलं की माणूस कर्त्याला धरून राहतो. इटलीत रोज शेकडो मृत्यू होत होते, तेव्हाच पंतप्रधान कोन्ते यांची लोकप्रियता वाढत होती. पण या धरून राहण्याला आम्ही अभ्यासक पसंती म्हणतो आणि तिथेच चुकतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण लांबचं सरकार लोक टीव्हीवर पाहतात आणि जवळचं सरकार अंगावर झेलतात. नशिराबाद सुरत-नागपूर महामार्गावर आहे. एप्रिल-मेमध्ये डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं याच रस्त्याने पूर्वेकडे चालत होती. 8 मे 2020 ला करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून निघाले होते, आमच्या शेजारच्या भुसावळला गाडी मिळेल या आशेने. गावात लोक दारात पाण्याचे हंडे भरून ठेवत. त्या दिवसांत घराघरांत न विकलेला कापूस पडून होता आणि खरेदी कधी सुरू होणार, हे सांगणारं कोणी नव्हतं. तेव्हा गावात सरकारचं मोजमाप एकाच गोष्टीवर चालायचं: फोन कोण उचलतं?

मग जून आला. जळगावच्या शासकीय कोविड रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या 82 वर्षांच्या आजीचा मृतदेह आठ दिवसांनी तिथल्याच शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. जिल्ह्याचा मृत्युदर तेव्हा राज्याच्या सरासरीहून कितीतरी जास्त होता. त्या बातमीनंतर जिल्ह्याचं जनमत काय झालं, हे कुठल्याही फॉर्मने टिपलं नाही. ते मला आमच्या गल्लीत दिसलं.

15 सप्टेंबरला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन आशाताई दारोदार फिरू लागल्या. त्या येताहेत असं कळताच समोरच्या मावशींनी तापलेल्या मुलाला मागच्या दाराने मळ्यात धाडलं. ‘घरात समदे बरे हायेत,’ त्यांनी सांगितलं. मुलाच्या चपला उंबऱ्याजवळच होत्या. आशाताईंनी त्या पाहिल्या, रजिस्टरमध्ये लिहायचं ते लिहिलं आणि गेल्या. संध्याकाळी त्या परत आल्या. हातात यंत्र नव्हतं, रजिस्टर नव्हतं. ओसरीवर बसून तासभर बोलल्या. दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांच्यासोबत तपासणीला गेला.

1897 च्या प्लेगमध्ये पुण्यात सोजिरांनी घरं उघडून झडत्या घेतल्या तेव्हाही लोकांनी रोगी लपवले होते. लपवलेला ताप हे मत असतं. सकाळी दार बंद करणारी आणि संध्याकाळी तेच उघडणारी ती मावशी, माझ्या हिशेबी, त्या वर्षीच्या साऱ्या चौकटींपेक्षा जास्त काही सांगून गेली. आशाताईही सरकारच होत्या, फक्त गल्लीतल्या.

म्हणून आता साथीबद्दलच्या पाहणीत समाधानाचा प्रश्न मी शेवटी ठेवते. आधी विचारते, घरात कोणाला रात्री दम लागला, तर पहिला फोन कोणाला कराल? ‘108’ म्हणणारे असतात, डॉक्टरांचं नाव घेणारे असतात, आशाताईंचं नाव घेणारेही बरेच. परवा नशिराबादच्याच एका बाबांनी जराही विचार न करता सांगितलं, ‘पुतन्याले. त्याची रिक्षा हाये.’