सोयीचे विस्मरण

गेल्या पावसाळ्यातील पहिल्या शुक्रवारची ही हकिकत आहे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या घरी पवित्र कम्युनियन घेऊन जाण्याचा आपल्या ख्रिस्तसभेतील प्रघात वाचकांना परिचित आहेच. त्या दिवशी सकाळी मनोरी गावठाणातील एका वृद्ध कोळीबाबांच्या घरी आम्ही गेलो, तेव्हा ते गाढ झोपेत होते. सारी हयात खाडीच्या पाण्यावर काढलेल्या या बाबांची स्मृती गेली दोन-तीन वर्षे ओहोटीला लागली होती. थोरल्या मुलाला ते आपला भाऊ समजत. सुनेचे नाव त्यांना आठवत नसे. "राहू दे त्यांना, आम्ही सांजच्या माळेला येतो," असे सुनेला सांगून आम्ही निघालो आणि वाटेतच खिशातील फोनमध्ये त्या वेळेची नोंद करून टाकली. काम यंत्राकडे सोपवले म्हणजे मन कसे हलके होते!

दुपारी वादळ झाले. वीज गेली. फोन केव्हा बंद पडला ते आम्हाला कळलेही नाही. काहीच वाजले नाही, म्हणून आम्हीही स्वस्थ राहिलो. मेणबत्तीच्या उजेडात रविवारचे प्रवचन लिहीत बसलो. दुसऱ्या दिवशी पहाटे निरोप आला की बाबा रात्री देवाघरी गेले.

आम्ही धावतच गेलो. सुनेने आम्हाला एका शब्दानेही बोल लावला नाही. ती एवढेच म्हणाली, "फादर, काल त्यांना आपलं स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नव्हतं. पण माळ झाली तरी दाराकडे बघत होते. म्हणत होते, आज शुक्रवार, फादर येतील."

ते वाक्य आमच्या काळजात अजून रुतून आहे. बंद पडलेल्या फोनची सबब सांगण्याचा धीर आम्हाला झाला नाही. दोष यंत्राचा नव्हता. लक्षात ठेवण्याचे कर्तव्य आम्ही अंगावरून झटकले होते, आणि त्याला सोय असे गोंडस नाव दिले होते.

गोरेगावच्या सेमिनरीत शिकत असताना आमचे एक वयोवृद्ध गुरुजन आजाऱ्यांची नावे रोज झोपण्यापूर्वी ओठांत पुटपुटत असत. आम्हा तरुणांना त्याचे हसू येई. कागदावर लिहून का ठेवत नाहीत, असे आम्हाला वाटे. ते पाठांतर म्हणजेच त्यांची प्रार्थना होती, हे उमजायला आम्हाला पन्नाशी ओलांडावी लागली.

आधुनिक साधनांना नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. २०२० साली टाळेबंदीत देवळांची दारे मिटली, तेव्हा याच फोनच्या पडद्यावर आमच्या लोकांनी मिस्सा पाहिली. आज दिवसाची वाचने आणि प्रार्थना फोनमध्ये मिळतात, ही मोठीच सोय आहे. पण परवा धर्मशिक्षणाच्या वर्गात एका चुणचुणीत मुलाला आम्ही प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणायला सांगितले, तेव्हा तो सहज म्हणाला, "फादर, मोबाईल घेऊ?" त्याला रागावण्याचा अधिकार आम्हाला कुठून असणार?

आपल्या पूर्वजांची कथा मात्र निराळी आहे. १७३९ साली वसई मराठ्यांनी जिंकली आणि साष्टीसह हा सारा मुलूख पोर्तुगीजांच्या हातून गेला. युरोपीय धर्मगुरूंना इथून निघावे लागले. मागे राहिलेले थोडेसे एतद्देशीय धर्मगुरू किती गावांना पुरे पडणार? तरीही श्रद्धा टिकली. ती टिकवण्यात घरोघरच्या सांजप्रार्थनेचा आणि आयाबायांच्या मुखपाठाचा वाटा फार मोठा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चेही असेच झाले. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा ते छापले गेले, पण त्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. भाविकांनी ते गायिले, हस्तलिखितांतून जपले, म्हणून १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापता आले. छापील ग्रंथ गेला आणि माणसांनी जपलेला उरला!

यार्देन नदी ओलांडल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणविले. पुढे मुलांनी त्यांचा अर्थ विचारला, तर वडिलांनी देवाची कृती सांगावी, हा त्यामागील उद्देश होता. आमच्या गावठाणांतील क्रूसही तसेच धोंडे आहेत. मात्र मुलाने विचारायला हवे आणि वडिलांना सांगता यायला हवे. उत्तर देणारा गप्प झाला, तर धोंडा नुसता धोंडाच राहील. प्रभूनेही शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांच्या हाती लेखी काही दिले नाही. भाकर मोडून दिली आणि आपल्या स्मरणार्थ हे करीत राहा, असे सांगितले. प्रत्येक मिस्सेत आम्ही ते शब्द उच्चारतो. स्मरण करणे हेच ज्याचे जीवितकार्य, त्या धर्मगुरूनेच एका म्हाताऱ्याला विसरावे, याहून मोठी लाज कोणती?

त्या दिवसापासून आम्ही आजाऱ्यांची नावे वहीत स्वहस्ते लिहितो आणि रात्री दिवा मालवून, वही न उघडता, एकेक नाव घेतो. एखादे आठवले नाही तर सकाळी पहिली फेरी त्याच घरी करतो. फोनमधील नोंदही चालूच आहे. ती आता मदतनीस आहे, कारभारी नाही.

बाबांच्या महिन्याच्या मिस्सेनंतर त्यांच्या घरी माळ झाली. नातवाने एक दशक सांगितले. दुःखाच्या रहस्यांत तो दोनदा अडखळला. कोपऱ्यात बसलेल्या आजीने त्याला हलकेच शब्द पुरविले. वाचकहो, आज आपल्या घरी सांजवात झाल्यावर तासभर फोन बाजूला ठेवून पाहा. शब्द पुरविणारे कोणी घरात आहे तोवर अडखळायला हरकत नाही.